अंगणातली सवत

आमच्या घरामागं, कडुनिंबाखाली, माझी सवत राहते. बाभळीच्या फळ्यांची आहे, खालून लोखंडी अँगलनं आवळलेली, आणि तिच्या अंगाला वर्षातून दोनदा तेल लागतं. माझ्या अंगाला तेल कुणी लावलं असेल तर ते बाळंतपणात सुईणीनं. तिला डेक म्हणायचं असतं. गल्लीत कुणी फळ्यांचा ओटा म्हणतं, कुणी माची म्हणतं, पण आमच्या मालकांना ते चालत नाही. मी मनातल्या मनात सवतच म्हणते, आणि एकदोनदा तोंडावरही म्हणाले आहे.

मालक म्हणजे माझा नवरा. साखर कारखान्यात फिटर होता. ढोकीत, कारखान्याच्या रस्त्यावरच आमचं घर. दिवाळीच्या सुमाराला बॉयलर पेटला की उन्हाळा तोंडावर येईपर्यंत तो माणूस माझा नसायचा. कधी पहिली पाळी, कधी रातपाळी, आणि घरात जेवायला बसला तरी कान भोंग्याकडं. बाहेर उसाचे ट्रॅक्टर रांगेनं उभे, त्यांची गाणी घरात, आणि नवरा कारखान्यात. माझी तक्रार नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, आणि मी ती रोज करत होते. पण एक दिवस हा माणूस रिटायर होईल आणि मला परत मिळेल, असं मी धरून चालले होते.

त्यातही एक गोष्ट मी फार जपून ठेवली होती. ती म्हणजे येळवस. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावं ओस पडतात, कारण झाडून सगळी माणसं शेतात असतात. रानात कडब्याची खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडायचे, आणि घरच्या जोडप्यानं पूजेला बसायचं. मग भाज्या-शेंगांची, बेसन लावून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ताकातली ज्वारीची आंबट आंबील. पूजा झाली की तीच आंबील उभ्या पिकावर शिंपडत, मोठ्यानं पुकारा करत, शेताला फेरी मारायची. लेकरांना दिवाळीपेक्षा येळवस प्यारी.

आता ही अमावस्या नेमकी गाळपाच्या भरात येते. त्या दिवसांत फिटरला कोण सोडतंय? म्हणून आमच्या शेतात पूजेला बसायचे माझे धाकटे दीर आणि जाऊ. शेत तेच करतात, तेव्हा चूक काहीच नाही. पण मी थोरली. मी मागं बसून हळदीकुंकवाचं ताट पुढं सरकवायची. जाऊ नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून पुढं बसलेली असायची, पदर डोक्यावर, आणि मला तिची पाठ दिसायची. त्या पाठीचाच मला राग यायचा. ती बाई स्वभावानं गरीब, मला आक्का आक्का करणारी, म्हणून तर आणखी राग यायचा. भांडायलाही काही निमित्त मिळायचं नाही.

तर मालक रिटायर झाले. हार, नारळ, फेटा, सगळं झालं. मी म्हणलं, चला, आता चार वाजताचा चहा तरी दोघं मिळून घेऊ. पंधरा दिवस घेतला. तो घरात नुसता फिरायचा. डबे उघडून बघायचा, याच्यात काय, त्याच्यात काय. शेजारणी आल्या की उठून आत जायचा, आत मी गेले की बाहेर यायचा. मग पुण्याला मुलाकडं आठवडाभर गेला आणि तिथं मुलाच्या कुणा दोस्ताच्या बंगल्यामागं त्यानं हा डेक बघितला. परत आला तो खिशात टेप घेऊनच. मी चहा ठेवला आणि हा अंगणात मोजमाप करायला लागला. चहावर साय धरली.

त्यानं जागा कुठली धरली, तर कडुनिंबाखालची, न्हाणीच्या पलीकडची, जिथं मी दर उन्हाळ्यात बाज टाकून कुरडया-पापड वाळवत होते ती. मी म्हणलं, माझं वाळवण कुठं घालू? तो म्हणाला, गच्चीवर घाल की, ऊन चांगलं लागतं. एवढ्या वर्षांत त्याला माझं वाळवण कुठं असतं हे माहीत नव्हतं, आणि आता ऊन कुठं चांगलं लागतं हे तो मला सांगत होता.

पण काम बघावं तर त्याचंच. आमच्याकडची माती काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर ठेवलेलं काही ठरत नाही. त्यानं मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले, खांब उभे केले, वर लोखंडाचा सांगाडा वेल्डिंग केला. वखारीतून बाभळीच्या फळ्या आणल्या, रंधा मारला, कडा घासल्या. एकेक फळी घेऊन, एक डोळा मिटून, दुसऱ्यानं तिच्या लांबीवरून नजर फिरवायचा. माझ्याकडं लग्नात बघितलं असेल तेवढंच, आणि तेही माझ्या मामानं सांगितलं म्हणून. मी मागच्या ओसरीवर ज्वारी निवडत बसायची आणि त्याचा हात त्या लाकडावरून कसा फिरतोय ते बघायची. जळायची मी, अगदी खरं सांगते. शेजारीण एकदा भिंतीवरून डोकावली आणि म्हणाली, मालकांचं लाकडाशी लगीन लागलं की काय. मी हसले आणि आत जाऊन भांडी आदळली.

डेक तयार झाल्यावर मी हौसेनं पहिल्या कुरडया त्याच्यावर घालायला निघाले. म्हणलं, झालं ते झालं, निदान उपयोगाला तरी येईल. तो आडवा आला. डाग पडतील म्हणाला. कुरडयांचे डाग! चपला खाली काढायच्या, पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही, हळदीचा हात लागू द्यायचा नाही. संध्याकाळी तो तिथं एकटा खुर्ची टाकून बसायचा आणि मी ओसरीवर. मधी दहा-बारा पावलांचं अंगण, पण मला ते कारखान्यापेक्षा लांब वाटायचं. कारखान्याला निदान सुट्टी असायची.

मग पावसाळा आला आणि देवानं माझं ऐकलं. झालं असं, की या माणसाची सगळी नोकरी गळती बंद करण्यात गेलेली. रसाचा पाइप, वाफेचा पाइप, पंप, जिथं फट तिथं गळती, आणि गळती म्हणजे फिटरची अब्रू गेली. त्यामुळं त्यानं फळ्यांमधी दोऱ्याएवढी फट ठेवली नव्हती. हातोडीनं ठोकून ठोकून फळीला फळी भिडवली होती. बघायला आलेल्या कारखान्याच्या दोस्तांनी तोंडभर वाहवा केली होती, त्यातल्या एकालाही शंका आली नाही, कारण सगळे त्याच घाण्यातले. पण लाकूड ते, पाणी प्यालं की फुगणारच. झडीचा पाऊस लागला आणि फुगायला जागा नाही म्हणल्यावर फळ्या मधून वर उठल्या, स्क्रू उपसून निघाले. पाणी खाली जायलाही वाट नव्हती, ते तिथंच साचलं.

मी खिडकीतून बघत होते. मला आनंद झाला. म्हणलं, संपली अवदसा, आता हा उचकटून फेकून देईल आणि चुलीला जळण होईल. कुठलं काय! तो भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन बाहेर गेला आणि त्या वाकड्या फळ्यांवर हात ठेवून उभा राहिला. रागाचं नाव नाही तोंडावर. आत येऊन म्हणाला, चुकलं माझंच, तिला श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही मी. तिला! लेकरं आजारी पडली तेव्हा हा पाळीवर होता. माझं गर्भाशय काढलं तेव्हा उमरग्याच्या दवाखान्यात माझ्या उशाला माझी बहीण होती. आणि फळ्यांना श्वास घेता येईना म्हणून हा गडी जेवला नाही.

दसऱ्यानंतर ऊन पडलं तसं त्यानं सगळं पुन्हा उघडलं. फळ्या एकेक करून सावलीत वाळवल्या, ज्या वाकल्या होत्या त्या दगड ठेवून सरळ केल्या, आणि मधी एकेक खिळा उभा धरून तेवढी फट सोडत नव्यानं बसवल्या. खालून वाळवीचं औषध मारलं. मग तेलाची पाळी आली. त्याला कुणी सांगितलं की लाकडाला जवसाचं तेल चांगलं. आमच्या घरात जवस म्हणजे चटणीचं. दिरांच्या शेतातून आलेलं, मी पाखडून, उन्हं दाखवून, वर्षाचं डब्यात भरून ठेवलेलं. मी बाजारात गेले असताना हा डबा उचलून घाण्यावर घेऊन गेला. परत येऊन बघते तर भाकरीबरोबर खायची माझी चटणी त्या सवतीच्या अंगाला चोळली जात होती, आणि नवरा गुडघ्यावर बसून, फडक्यानं, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हळूहळू हात ओढत होता. सगळं अंगण जवसाच्या वासानं भरलेलं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. त्याला ते संध्याकाळी कळलं.

एवढ्यात येळवस तोंडावर आली, आणि जाऊचा फोन आला. म्हणाली, आक्का, औंदा भाऊजी मोकळे हायत, पूजेला तुम्ही दोघं बसा, आमी मागं बसतो. तिनं आपणहून म्हणलं. मी फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. लग्नातला शालू काढला, उन्हात टाकला, पुन्हा घडी घातली. सगळं मनातलं आता होणार होतं. मी मालकाला सांगायला मागं गेले. तो डेकवर कडब्याच्या पेंढ्या रचत होता.

मी विचारलं हे काय. तर त्यानं सांगितलं की कारखान्यातले त्याचे जोडीदार अजून पाळ्या करतात, त्यांना कधीच येळवस मिळत नाही. दुपारी पहिली पाळी सुटली की ते इथं येतील. डेकवरच खोप करायची, इथंच पांडव मांडायचे, इथंच जेवण. शेतावर जायचं नाही. मी म्हणलं, आणि माझं काय? तिकडं पूजेला आपल्याला बसवतायत. तो म्हणाला, तूही इथंच बस की.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, जन्मभर मी तुमच्याविना त्या खोपीत जाऊन मागं बसले, आज पुढं बसायची पाळी आली तर तुम्हाला या फळ्या सोडवंनात. तो पेंढी हातात धरून उभा राहिला. मग शांतपणे बोलला. "शेतावर मला कोण वळखतंय? मागं एकदा गेलो तर पोरं इचारायली, हे कोण म्हणून. शेत धाकट्याचं हाय. घर तुझं हाय. तुझ्या शेजारणी, तुझे डबे, तुझ्या येळा. मी रिटायर झालो तर मला बसायला जागा नव्हती घरात. म्हणून ही केली."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणलं, बसा मग तिच्यापाशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी शालू नेसून मी दिरांच्या ट्रॅक्टरवर चढले. तो दारात उभा होता. मी वळून बघितलं नाही. मला खात्री होती की हा मागून मोटारसायकलवर येणार.

शेत हिरवंगार होतं. हरभरा घाटे धरत होता, ज्वारीची कणसं बाहेर पडत होती. जाऊनं खोप सुरेख केली होती, वरून घोंगडं, आत पाच दगड पांढरेशुभ्र, पुढं आंबिलीचा मातीचा बिंदगा. दोन पाट मांडलेले. दिरांनी विचारलं, वहिनी, दादा येतेत ना? मी म्हणलं, निघालेत. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मी म्हणलं, निघालेत, दोस्त आले असतील. ऊन डोक्यावर आलं, लेकरं भुकेनं किरकिर करायला लागली, भज्जीवर साय धरली. प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला माझी मान वळायची आणि ती मोटारसायकल पुढच्या शेतात जायची. शेवटी मीच म्हणलं, बसा तुम्ही, लेकरं उपाशी आहेत. दीर आणि जाऊ पाटावर बसले. मी मागं बसून ताट सरकवलं. जाऊ एकदाही मागं वळली नाही, माझं तोंड बघायची तिची हिंमत झाली नसेल.

मी ताटावरून उठले. उरलेली आंबील किटलीत घेतली आणि दीर नको नको म्हणत असताना रस्त्यावर येऊन जीप पकडली. वाटेत मी काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं. आज त्या फळ्या राहतील नाहीतर मी राहीन, इथपर्यंत ठरवलं.

घरी आले तर दारात दोस्तांच्या चपला नव्हत्या. मागं गेले. खोप उभी होती, जरा एका अंगाला कललेली. आत पाच दगड, चुना अजून ओला वाटावा एवढा जाड लावलेला. ताट झाकलेलं, दिवा न लावलेला. भज्जी त्यानं स्वतः केली होती, बेसनाच्या गुठळ्या वरूनच दिसत होत्या. आणि तो खोपीपुढं एका पाटावर बसला होता. शेजारचा पाट रिकामा.

मी विचारलं, दोस्त कुठं आहेत. तो म्हणाला, आले आणि गेले. पूजा झाल्याबिगर जेवायचं कसं, म्हणून चहा पिऊन गेले. आणि जोडप्याबिगर पूजा कशी करू? मी त्यांना सांगत होतो, निघालीय, येतीय. मग मान खाली घालून म्हणाला, "वाट बघणं लई अवघड असतंय गं."

मला दया आली असं मी लिहिणार नाही. मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. जन्मभराचं कुणीतरी एका दुपारीत फेडल्यासारखं वाटलं. मी चपला काढल्या, त्या फळ्यांवर चढले आणि रिकाम्या पाटावर बसले. पायाखाली लाकूड उन्हानं कोमट झालं होतं आणि मला ते आवडलं, याचाही मला राग आला.

त्याला पूजेतलं काही येत नव्हतं. कुंकू आधी का हळद आधी, दिवा कुठल्या हाताला, काही नाही. मी सांगत गेले आणि तो करत गेला. दोघांचे हात ताटात एकमेकांना लागत होते. शालू माझ्या अंगावर होताच. नैवेद्य दाखवला, मग मी किटली उघडून आंबील त्याच्या हातात दिली.

तो किटली घेऊन उभा राहिला आणि इकडंतिकडं बघायला लागला. इथं पीक कुठं होतं? जास्वंद, कढीपत्ता, आणि नुकतंच तेल पाजलेल्या चकचकीत फळ्या. मला म्हणाला, शिंपडू कशावर?

मी म्हणलं, "तुमचं पीक तुमच्या पायाखाली हाय."

त्यानं फळ्यांकडं बघितलं. आंबट ताकाचा डाग लाकडावरून जात नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी त्याच्यावरची नजर काढली नाही. तो वाकला, किटलीत हात घातला, आणि खोपीभोवती त्या फळ्यांवर आंबील शिंपडत फिरायला लागला. पुकारा त्याला पाठ नव्हता. तो मी केला.